दोन तासांच्या वरचे तास

"पट्टी दिसली की ती पलंगाखाली जाऊन बसते, मॅडम. अक्षरशः ओढून काढावं लागतं."

हे वाक्य मी डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलेल्या मुलांच्या इतक्या आयांकडून आणि दोन-चार बाबांकडून ऐकलंय की पुढचंही मला पाठ झालंय : "आणि पट्टी नाही लावली तर डोळा कायमचा अधू राहील ना?" तिसरं वाक्य मात्र खोलीत कुणी बोलत नाही. ते निघताना, दाराशी, चपला घालता घालता येतं. "आधी माझ्या लक्षात कसं आलं नाही हो?"

मी समुपदेशक. मला ओळखणारे जाणतात की मी मुलाआधी घराकडे बघते. त्यामुळे माझं काम या तिसऱ्या वाक्यापासून सुरू होतं. निदान व्हायला तरी हवं होतं. या वेळी मी चुकले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटी इथे एकत्र केल्या आहेत.)

मुलगी साडेपाच वर्षांची. शाळेतल्या तपासणीत उजवा डोळा झाकला, तर तिला तक्त्यावरची सगळ्यात वरची ओळच काय ती वाचता आली. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक होता. लहानपणी मेंदूला एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र मिळालं आणि दुसऱ्याकडून सतत धूसर, तर तो धूसर चित्राकडे लक्ष देणं सोडून देतो. याला आपण 'आळशी डोळा' म्हणतो. मला हे नाव मुळीच आवडत नाही. डोळा बिचारा कामावर हजर असतो, पण त्याचं ऐकायला कुणी नसतं. शिवाय ही मुलगी मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "मी आळशी आहे."

नेत्रतज्ज्ञांनी चष्मा दिला. काही मुलांची नजर नुसत्या चष्म्यानंच बरीच सुधारते, म्हणून काही महिने थांबून पाहिलं. उरलेल्या सुधारणेसाठी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली, म्हणजे तेवढा वेळ मेंदूला दुसऱ्या डोळ्याचं ऐकावंच लागतं, आणि पुढचा पाठपुरावा ऑर्थोप्टिस्टकडे सोपवला. पट्टीवरून घरात रणकंदन सुरू झालं, तेव्हा त्या बाईंनी माय-लेकींना माझ्याकडे पाठवलं.

ऑर्थोप्टिस्ट म्हणजे चष्म्याचा नंबर काढणारी व्यक्ती, अशी बऱ्याच पालकांची समजूत असते. तसं नाही. दोन डोळे जोडीनं काम करतात का, हा त्यांचा विषय. तिरळेपणा किती अंशांचा, दोन्ही डोळ्यांच्या चित्रांतून खोली जाणवते की नाही, डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र येतात का, हे त्या मोजतात. औषध आणि शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञांकडे, आणि मधले महिनोन्‌महिने यांच्याकडे. या व्यवसायातली पहिली व्यक्ती म्हणून लंडनच्या मेरी मॅडॉक्स यांचं नाव घेतलं जातं. त्यांचे वडील अर्नेस्ट मॅडॉक्स हे नेत्रतज्ज्ञ होते. सहा-आठ आठवड्यांनी तेच कुटुंब समोर येत असल्यानं या लोकांना घर फार चांगलं कळतं. माझ्यापेक्षाही, असं कधी कधी मनाविरुद्ध कबूल करावं लागतं.

तर माझी चूक. हट्टी मूल, थकलेली आई, असं ठरवून मी चांदण्यांचा तक्ता दिला. पट्टी लावली की एक चांदणी. तक्ता चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी चांदण्या पट्टीवर चिकटवलेल्या आणि पट्टी कचऱ्याच्या डब्यात.

ऑर्थोप्टिस्टबाईंनी फोनवर विचारलं, "आईनं स्वतः पट्टी लावून पाहिलीय का?"

पाहिली होती. आई मला म्हणालीच होती, "मी अर्धा तास लावली. काही होत नाही. एका डोळ्यानं सगळं नीट दिसतं."

"दिसणारच," बाई म्हणाल्या. "त्यांचा दुसरा डोळा चांगला आहे. मुलीचा नाही."

किती साधी गोष्ट, आणि माझ्या डोक्यात आली नव्हती. आपण मुलाचा बरा डोळा काढून घेतो, दिसत नाही त्या डोळ्यावर त्याला सोडतो आणि वर म्हणतो, घाबरू नकोस, हट्ट करू नकोस.

पुढची भेट आम्ही तिघींनी मिळून त्यांच्याच खोलीत घेतली. बाईंनी बिननंबरी चष्म्याची एक काच पूर्ण झाकली, दुसरीवर धूसर चिकटपट्टीचे दोन थर लावले आणि तो आईला घातला. "हे हुबेहूब तसं नाही," त्यांनी आधीच बजावलं. "तिला नुसतं धूसर दिसत नाही, अक्षरं एकमेकांत घुसल्यासारखीही वाटतात. पण अंदाज येईल." मग मुलीची चित्रवही पुढ्यात ठेवली. घर रंगवायचं होतं.

आई रंगवायला लागली. मुलगी शेजारी उभी. आधी गंमत वाटली तिला. मग कपाळाला आठी पडली.

"आई, बाहेर जातंय. नीट बघ ना!"

आईचा हात थांबला. मुलगी आणखी जवळ आली आणि थेट आईच्याच सुरात म्हणाली, "मुद्दाम करतेस तू."

बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा वेळी काही बोलायचं नसतं. ही शांतता भरून न काढण्याचं शिक्षण मी वीस वर्षं घेते आहे, आणि तेवढं मला जमतं.

आईनं चष्मा काढला, मुलीला जवळ घेतलं. मग पिशवीतून पट्टीची डायरी काढून बाईंपुढे ठेवली. "यात मी खोटं लिहिलंय."

मला वाटलं, तास कमी भरले असतील. बहुतेक घरांत तसंच असतं. पट्टीत बारीक नोंदयंत्र बसवून झालेल्या अभ्यासांतही सांगितलेल्या वेळेपैकी निम्म्याच्या आसपासच वेळ प्रत्यक्षात लागलेला दिसतो. इथे उलटं होतं. डायरीत रोज दोन तास, प्रत्यक्षात चार, सुटीच्या दिवशी पाच.

मी विचारलं, "दोन तास सांगितले होते. वरचे तास कुणासाठी?"

ती डायरीकडे बघत म्हणाली, "मागच्या दोन वर्षांसाठी."

हा प्रश्न मला सुचला याचं आजही बरं वाटतं. पट्टीचं भांडण मुलीशी नव्हतंच. आई आपला दंड भरत होती आणि वसुली मुलीकडून होत होती.

तिला तिथेच दोन गोष्टी सांगितल्या. तुम्हीही अशा वळणावर असाल तर त्या तुमच्यासाठीही आहेत. पहिली, लक्षात न येणं हा निष्काळजीपणा नव्हे. डोळा तिरळा नसेल तर बाहेरून काहीच कळत नाही. मूल तक्रार करत नाही, कारण इतरांना वेगळं दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं. एकेक डोळा झाकून तपासल्याशिवाय हे सापडत नाही. दुसरी बाईंनी सांगितली : जास्त तास म्हणजे जास्त गुण असं नाही. सात वर्षांखालच्या, मध्यम त्रास असलेल्या मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार महिन्यांनी दोन तास आणि सहा तास पट्टीचा फायदा जवळपास सारखाच निघाला. आणि प्रमाणाबाहेर झाकल्यास चांगल्या डोळ्याची नजरही उतरू शकते. तास वाढवायचे, कमी करायचे की थांबवायचे, हे दोन्ही डोळे मोजूनच ठरतं. एकदम थांबवल्यावर काही मुलांची नजर पुन्हा घसरते, म्हणून मनानं बंदही करू नका. पट्टी अजिबात जमत नसेल तर चांगल्या डोळ्याची नजर तात्पुरती धूसर करणारे ॲट्रोपिनचे थेंब हा पर्याय नेत्रतज्ज्ञांना विचारता येतो. सात वर्षं उलटली म्हणजे सगळं संपलं, हेही खरं नाही. उशिरा सुरुवात झालेल्या बऱ्याच मुलांची नजर सुधारते, फक्त लवकर केलेलं सोपं जातं.

आणि मुलाला कारण सांगा. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पालकांसाठीचं माहितीपत्रक, बक्षिसाचं कॅलेंडर आणि मुलांसाठीची चित्रकथा यांची तुलना झाली. चित्रकथा सरस ठरली. माझ्या चांदण्यांना हा निकाल लागू पडतो, हे मी निमूटपणे मान्य केलं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'डोळ्यांच्या व्यायामानं वाचनदोष जातो' अशी आश्वासनं कानावर येतात. डिस्लेक्सियाचं मूळ डोळ्यांत नसतं आणि त्यावर डोळ्यांचे व्यायाम हा उपाय नाही. जवळचं बघताना डोळे एकत्र येत नसतील, वाचताना दोन-दोन दिसत असेल, तर व्यायामांचा उपयोग होतो, पण तो त्या त्रासापुरता. चांगली ऑर्थोप्टिस्ट हे तुम्हाला आपणहून सांगते.

मुलीचं पुढे असं झालं की शाळा आणि अभ्यासाच्या वेळा पट्टीतून मोकळ्या केल्या. संध्याकाळी, तिला आवडणाऱ्या चित्रकामाच्या वेळी पट्टी. रेषेबाहेर गेलेला रंग कुणी दाखवायचा नाही, एवढाच नियम. चौथ्या महिन्यात ती तक्त्यावर आधीपेक्षा तीन ओळी खालपर्यंत वाचू लागली.

शेवटच्या भेटीत मी डायरी मागितली, सवयीनं. एका पानावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं : "आज १ तास ४० मिनिटं. झोप आली तिला. उरलेली २० मिनिटं सोडून दिली."