मोठा पंप घेण्याआधी एक बादली भरून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटा हत्तीवर ५०० लिटरची टाकी, मिनिटाला १५ लिटर आणि २०० बारचा पेट्रोल प्रेशर वॉशर, काम सोसायट्यांच्या कंपाउंड भिंती आणि पेव्हर ब्लॉक धुण्याचं. टाकी अर्धी झाली की गन धडधडते, जोर जातो. मग १००० लिटरची टाकी आणि मोठा पंप घ्यावा का?

दोन्ही नको. १००० लिटर पाणी म्हणजे हजार किलो, वर टाकीचा पिंजरा, इंजिन, पाईप आणि माणसं. छोटा हत्तीची वाहनक्षमता साधारण ७५० किलोची. शिवाय सोसायटीच्या नळातून मिनिटाला १० लिटर जरी टाकीत पडत राहिलं, तरी तूट ५ लिटरचीच. ५०० लिटर शंभर मिनिटं पुरतात, तेही ट्रिगर सतत दाबून धरला तर. नळ नसेल तिथे मात्र हिशेब ३३ मिनिटांचा.

धडधड सक्शनची, म्हणजे टाकीतून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या बाजूची आहे. पंप मागतो तेवढं पाणी पोचत नाही, आत बुडबुडे तयार होऊन फुटतात, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि सील, व्हॉल्व्ह खराब होतात. मोठा पंप लावलात तर तो आणखी उपाशी राहील.

आधी पंप चालू असताना टाकीचं झाकण सैल करा. लगेच सुधारलं, तर हवेला वाट नव्हती. झाकणाला भोक पाडून जाळी लावा. नाही सुधारलं तर इंजिन बंद करा, सक्शनचं टोक पंपाकडून सोडवा आणि त्याच उंचीवर २० लिटरच्या बादलीत धरा. टाकी पाव उरलेली असतानाच, कारण भरलेल्या टाकीत वरच्या पाण्याच्या दाबामुळे सगळेच पास होतात. बादली मिनिटाच्या आत भरायला हवी. ८० सेकंद म्हणजे अगदी काठावर.

बहुतेक वेळा दोष टाकीच्या अर्धा इंची निपलात (पाईप जोडायच्या तोंडात) किंवा बागेच्या पाईपात सापडतो. तो पाईप उन्हात मऊ होतो आणि ओढीने चपटा पडतो. एक इंची निपल, एक इंची बॉल व्हॉल्व्ह आणि आत तारेची गुंडाळी असलेला एक इंची सक्शन पाईप घ्या, जमेल तितका आखूड. लांबी हवी असेल तर प्रेशरच्या बाजूला वाढवा, सक्शनच्या नाही. मध्ये पारदर्शक वाटीचा जाळी फिल्टर बसवा. टँकरच्या पाण्यातली रेती डोळ्यांना दिसली तर तो रोज धुतला जाईल. सांध्यातून पाणी गळत नाही म्हणून तो घट्ट आहे असं समजू नका. पंप चालू ठेवून साबणाचा दाट फेस लावा. फेस आत खेचला गेला तर हवा तिथूनच घुसतेय.

दुसरी चूक बायपासची, म्हणजे गन बंद असताना पाणी परत वळवणाऱ्या वाटेची. ट्रिगर सोडला की तेच पाणी पंपाच्या डोक्यात फिरत राहतं आणि काही मिनिटांत सील भाजण्याइतकं तापतं. बायपासची नळी टाकीत परत न्या, पण तिचं तोंड सक्शनच्या विरुद्ध टोकाला आणि पाण्याखाली ठेवा. वरून धार पडली तर फेस होतो आणि तोच पंपात जातो. पंपाचं ऑइल दुधाळ दिसलं तर सील फुटून पाणी आत गेलंय. तसं चालवू नका.

टाकी आडवी, बुटकी आणि आत आडपडदे असलेली असावी, कॅबिनच्या मागे चिकटून. अर्धी टाकी भरलेलीपेक्षा जास्त हेलकावे देते, म्हणून दोन कामांच्या मध्ये एक तर पूर्ण भरा नाहीतर रिकामी करा. बेल्ट टाकीवरून नको, पिंजऱ्यावरून आवळा.

शेवाळासाठी हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच) वापरणार असाल तर ते या पंपातून अजिबात ओढू नका. वेगळा १२ व्होल्टचा डायफ्राम पंप ठेवा, वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीच्या टोकाशी. त्याच डब्यात ॲसिड कधीही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि बेसमेंट पार्किंग धुताना गाडी वर उघड्यावर उभी करून फक्त प्रेशर पाईप खाली न्या; पेट्रोल इंजिनाचा धूर खाली कोंडला तर जीव जातो.