टेबलक्लॉथ बसेल का?

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचं फणसाच्या लाकडाचं जेवणाचं टेबल आहे, सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. ते पडवीत असतं. गणपतीला मुंबईहून मंडळी येतील म्हणून कणकवलीच्या बाजारात एक पांढरा सुती टेबलक्लॉथ बघून ठेवलाय. पाकिटावर '१५२ × २२८ सेंमी, सिक्स सीटर' असं छापलंय. दुकानदार बसेल म्हणतात, पण पाकीट फोडलं तर परत घेणार नाहीत. घेऊ का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ताई, खुशाल घ्या. फक्त 'सिक्स सीटर'वर विसंबून घेऊ नका. सहा माणसांचं टेबल पाच फुटांचंही असतं आणि तुमच्यासारखं सहा फुटांचंही. मी मालवणात शिवणकाम करते. श्रावण लागला की माझ्याकडे आखूड पडलेले टेबलक्लॉथ झालर लावायला येतात, आणि बहुतेकांनी माप न घेता नुसतं पाकीट वाचलेलं असतं.

आधी सेंमीचे इंच करा. २.५४ ने भागलं की तुमचं कापड जवळपास ६० × ९० इंच भरतं. टेबल ४२ × ७२. नव्वदातून बहात्तर गेले, राहिले अठरा, म्हणजे दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच खाली सुटेल. रुंदीकडेही साठातून बेचाळीस वजा केले की तेवढंच. रोजच्या जेवणाला सहा ते आठ इंच सुटलं तरी पुरतं, सणाला दहा-बारा शोभतं. त्यापुढे गेलं की कापड मांडीवर गोळा होतं आणि उठताना कोणाच्या तरी हाताने ताटासकट ओढलं जातं. तुमचे नऊ इंच अगदी बेताचे आहेत.

आता धुण्याचा हिशेब, जो दुकानात कोणी करत नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं. पाच धरलं तर ९० चे साडेपंच्याऐंशी आणि ६० चे सत्तावन्न उरतात. मग लांबीकडे पावणेसात इंच सुटेल, रुंदीकडे साडेसात. तरीही चालेल. टेबल सात फुटांचं असतं तर मी नकोच म्हटलं असतं.

आकड्यांवर भरवसा नसेल तर घरातली सिंगल बेडची चादर टेबलावर घाला. ती बहुधा ६० × ९० चीच असते, शिवाय धुऊन आटलेली. खुर्ची ओढून बसा, नातवंडांना बसवा, कापड कुठे येतं ते डोळ्यांनी बघा. टेबल मात्र दोन्ही टोकांना मोजा आणि सुताराच्या पोलादी टेपने मोजा. जुन्या हातकामात एक बाजू अर्धा-पाऊण इंच जास्त भरते, आणि शिवणाची टेप वापरून वापरून ताणलेली असते.

तुमचं टेबल पडवीत, म्हणजे वारा आलाच. चारही कोपऱ्यांच्या दुमडीत आतून एकेक पितळी वॉशर शिवून टाका. लोखंडी अजिबात नको, खाऱ्या हवेत गंजतो आणि पांढऱ्यावर पडलेला तो डाग सहजासहजी जात नाही. दुसरं, लाकडाला पॉलिश नसेल तर धुतलेलं कापड पुरतं वाळल्याशिवाय घालू नका. फणसाच्या गाभ्यातून पिवळा रंग काढतात, तो ओल्या कापडालाही लागू शकतो. पावसाच्या दिवसांत खाली एक जुनं जाडसर कापड घालाच.

प्रश्न : तीन फूट व्यासाच्या गोल टेबलावर ६० इंची चौकोनी कापड घालावं का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : बाजूंना बारा इंच सुटेल, ते ठीक. पण चौकोनाचे कोपरे चोवीस इंच लोंबतील. टेबल तीस इंच उंच धरलं तर जमिनीपासून सहा इंचांवर, म्हणजे येता-जाता पायात. त्याऐवजी ४८ इंची चौकोन घ्या. बाजूंना सहा आणि कोपऱ्यांना सोळा इंच सुटेल. गोलच शिवायचं असेल तर व्यासात दुप्पट लोंब आणि दुमडीचे दोन इंच मिळवा. आठ इंच सोडायचं ठरवलं तर ५४ इंच कापड लागेल. ४४ इंची पन्ह्यात, म्हणजे तेवढ्या रुंदीच्या कापडात, ते निघत नाही, जोड द्यावाच लागतो. तो मधोमध देऊ नका, नाहीतर शिवण नेमकी भांड्यांखाली येते आणि वाटी डुगडुगते. मधे अखंड पन्हा ठेवून दोन्ही कडांना पट्ट्या जोडा, शिवण कडेच्या खाली उतरते.