चवथीची रंगरंगोटी, जुन्या खिडक्या आणि दोन वर्षांचे मूल

ताई, पणजीतील आपल्या जुन्या घराच्या खिडक्यांचा रंग सुटू लागला आहे, दोन वर्षांची मुलगी खिडकीच्या फळीला दात लावते आणि चवथीपूर्वी रंगारी येणार आहे; अशा वेळी जुन्या रंगातल्या शिशाची भीती बाळगावी काय, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर एवढेच की, रंगाऱ्याला लाकूड कोरडे घासू देऊ नये. बाकीचे सारे त्यानंतर.

घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तो आज दुकानातून येणाऱ्या डब्यापुरता झाला. खिडकीवर वर्षानुवर्षे एकावर एक चढलेल्या थरांना तो कुठून लागणार? भिंतीवरच्या चुन्याची मला फारशी काळजी वाटत नाही. शंका येते ती दारे-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटची, त्यातही पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या छटांची, कारण त्यांत लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य वापरले जात असे. आपल्याकडे पावसात लाकूड फुगते, झडप चौकटीला घासत उघडते आणि पिठासारखी बारीक धूळ फळीवर साचते. मुलाचा हात तिथून थेट तोंडात जातो. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग अंगात भिनतो, लहान मुलात मात्र हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. लोह आणि कॅल्शियम कमी पडत असेल, तर आणखी वाढते.

ही चूक मी स्वतः केली आहे. मुलगा तीन वर्षांचा असताना बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून मी दाराची फळी पॉलिश पेपरने दोन दिवस घासली, आणि तो शेजारच्या बैठकीच्या कट्ट्यावर त्याच धुळीतून खेळण्यातली मोटार फिरवत होता. पुढे तपासणीत त्याच्या रक्तात शिसे वाढलेले निघाले. तोवर ना पोटदुखी, ना चिडचिड, दिसण्यासारखे काहीच नव्हते.

म्हणून काम चालू असेतो मुलीला आजोळी पाठवावे. थर घट्ट असेल तिथे खरवडूच नये, त्यावरच नवा रंग चढवावा. सुटलेला भाग पाणी शिंपडून वॉटर पेपरने घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि जुना रंग जाळून काढणाऱ्या ब्लो लॅम्पला साफ नकार द्यावा, कारण त्या उष्णतेने शिशाच्या वाफा निघतात. रंगारी कुरकुरतील, कारण ओल्या कामाला वेळ लागतो. तो वेळ मजुरीत धरावा. नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. खरवडलेला चुरा परसात टाकू नये.

मुलीच्या रक्ताची तपासणी मात्र रंगकामाची वाट न पाहता करून घ्यावी. रक्ताच्या दर डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरक्षित म्हणावी अशी पातळी ठाऊक नाही. शिसे बाहेर काढण्याची औषधे सहसा ४५ च्या पुढे विचारात घेतात, ती डॉक्टरांची बाब.

आणखी एक, जे आपण विचारलेले नाही: घरात कोणी पागेर, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकून मासे धरतो काय? जाळ्याच्या काठाला असतात त्या गोळ्या बहुधा निव्वळ शिशाच्या असतात, आणि त्या घरच्या चुलीवर वितळवून ओतणारे मी पाहिले आहेत. तसे असेल, तर ते काम घरात होऊ देऊ नये आणि पागेर मुलीचा हात पोचणार नाही असा बाहेर टांगावा.