नागपुरात जुन्या स्लायडिंग खिडक्या बदलल्या तर रस्त्याचा आवाज कमी होईल का? उन्हाळ्यात कूलर चालतो.

होईल, पण आधी कूलरचं बघा. डेझर्ट कूलर चालायचा तर आतली हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते. ती उघडी असली की कितीही महागाची काच लावा, हॉर्न आत येणारच. म्हणून सगळ्या घराच्या फंदात पडू नका. रस्त्याकडची झोपायची खोली तेवढी घ्या, तिथे एसी लावा आणि तिचीच खिडकी बदला.

जुन्या अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगमध्ये बराचसा आवाज फटींतून येतो. पल्ल्याच्या कडेची ब्रशची पट्टी बोटाने चाचपून बघा, बहुतेक झिजून सपाट झालेली असते. नवी खिडकी दारासारखी उघडणारी, चारही बाजूंनी रबर गॅस्केटची आणि एकाहून जास्त ठिकाणी लॉक होणारी घ्या. काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून चिकटवलेल्या दोन काचांची. दुकानदार डबल ग्लास, म्हणजे मध्ये पोकळी ठेवलेल्या दोन काचा, गळ्यात मारेलच. पण ५+५ मिमीची जोडी ट्रकची घरघर फारशी अडवत नाही, दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या मागा. पश्चिमेची खिडकी असेल तर उन्हाची उष्णता अडवणारी सोलर कंट्रोल काच बरी, तरी उन्हाला खरा उतारा म्हणजे बाहेरचा छज्जा नाहीतर बांबूची चिक.

चौकट आणि भिंतीतली फट फोम-सिलिकॉनने भरून घ्या, तेव्हा समोर उभे राहा. मिस्त्री नुसती पुट्टी फासून मोकळा होतो.

घरात सागवानी चौकट शाबूत असेल तर उपटू नका. आतून दहाएक सेंमी अंतर सोडून काचेचे दुसरे पल्ले बसवा.