पंधरा किलोत काय काय बसतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळी विमान कंपनीच्या काउंटरवर द्यायच्या बॅगेबद्दल, म्हणजे चेक-इन बॅगेबद्दल आलेल्या पत्रांमधून निवडलेले प्रश्न.

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी पहिल्यांदाच विमानाने बंगळूरला निघाली आहे, इथल्या चिकलठाणा विमानतळावरून. तिकिटावर १५ किलो लिहिलंय आणि बांधलेलं सामान २२ किलो भरतंय. कुकर, पोळपाट-लाटणं, पुस्तकं, फराळ, सगळंच हवंय. काय काढावं?
*– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

उत्तर : आधी रिकामी बॅग काट्यावर ठेवा. २८ इंची, कडक कवचाची ट्रॉली रिकामीच ४ ते ५ किलो भरते. म्हणजे पंधरातले पाच तिथेच गेले. कापडी डफल बॅग दीड-दोन किलोत येते आणि तीन किलो सामान आपोआप वाढतं. पहिल्या प्रवासासाठी नवी कोरी भारी ट्रॉली घ्यायचा हट्ट असेल तर त्याची किंमत या तीन किलोंत मोजावी लागते, एवढं ध्यानात घ्या.

मग जड वस्तूंकडे बघा. केबिनमध्ये साधारणपणे ७ किलोची एकच बॅग चालते, माप अंदाजे ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. पुस्तकं, लॅपटॉप, चार्जर, बूट ही आकाराने लहान पण वजनदार मंडळी तिकडे हलवा. जाड जॅकेट अंगावर घालून जाता येतं, त्याचं वजन कुणी करत नाही. कुकर, लाटणं, सुरी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर मात्र चेक-इनमध्येच जायला हवं. फराळातल्या चकल्या-चिवड्याला वजन कमी आणि जागा जास्त लागते. त्यांना पिशवीत कोंबलं तर पोचेपर्यंत चुरा होतो. कुकरच्या पोटात बसवा, दोन्ही कामं होतात.

एवढं करूनही १५ च्या वर जात असेल तर जादा वजन वेबसाइटवर किंवा अॅपवर आधीच विकत घ्या. काउंटरवर किलोमागे जास्त मोजावे लागतात. घरी ताणकाटा नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात किंवा मोंढ्यातल्या आडतीवर बॅग नेऊन तोला, आणि अर्धा किलो हातचा ठेवा. दोन काट्यांत तेवढा फरक सहज पडतो.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच ठेवायची नाही, ती हातातल्या बॅगेत. लिथियम बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये माणसाच्या लक्षात येते, खाली सामानाच्या कप्प्यात ती विझवायला कुणी नसतं. मर्यादा १०० वॅट-अवरची. हिशेब सोपा आहे : पॉवर बँकेवर छापलेला एमएएचचा (मिलिअँपिअर-अवर) आकडा गुणिले ३.७, भागिले १०००. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवर भरते, चालते. ३०,००० ची १११ भरते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर नाहीच. लहान विमान असेल तर जिन्यापाशी केबिन बॅगही घेऊन खाली टाकतात. अशा वेळी त्यातली पॉवर बँक आठवणीने काढून जवळ ठेवायची. घाईत हे हमखास राहतं.

प्रश्न : आई-वडील हैदराबादहून अमेरिकेला नातवाकडे निघालेत. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा आहेत. काळा मसाला, येसर, कैरीचं लोणचं, खोबऱ्याच्या वाट्या, तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता आणि पेटीभर केशर आंबे, अशी यादी आहे. यातलं काय जाईल?
*– एक वाचक, लातूर*

उत्तर : या यादीला दोन चाळण्या लागतात. पहिली विमान सुरक्षेची, दुसरी तिकडच्या कस्टम्सची.

पहिल्या चाळणीत खोबरं अडकतं. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं आणि कोंदट जागेत ते आपोआप तापून पेटू शकतं. म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे, आणि भारतातल्या विमानतळांवर ना हातात चालतं ना चेक-इनमध्ये. देवाच्या सामानातला कापूर, काडेपेटी आणि लायटर यांनाही तीच बंदी. एक्स-रेत यातलं काही दिसलं की बॅग बाजूला काढतात, प्रवाशाला बोलावतात, आणि विमानाची वेळ होत आलेली असताना सगळी बॅग उचकटावी लागते.

दुसरी चाळणी बारीक आहे. तांदूळ, हरभरा, सोयाबीन आणि करडई हे चार जिन्नस भारतातून प्रवाशाच्या सामानात अमेरिकेत नेता येत नाहीत. कारण खापरा भुंगेरा. साठवणीच्या धान्यातली ही कीड, तिच्या अळ्या अन्नाशिवाय फटीत दीर्घकाळ तग धरतात आणि एकदा शिरली की कोठार रिकामं करूनही जात नाही. आमचा सल्ला असा की अख्खं बी, अख्खं धान्य, डाळ या वाटेला जाऊच नका. तुरीची डाळ तिकडच्या भारतीय दुकानात मिळते, तिच्यापायी दोन किलो वजन घालवण्यात अर्थ नाही. दळलेलं, भाजलेलं, तळलेलं न्या. ज्वारीचं पीठ, येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी. मसाल्याच्या पुड्या चेक-इनमध्येच घाला. अमेरिकेला जाताना हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरहून जास्त पूड असली की तपासणीत अडते.

कढीपत्ता नकोच, लिंबूवर्गीय झाडांचे रोग त्यावरून जातात म्हणून त्याला मज्जाव आहे. केशर आंबेही नकोत. भारतातून अमेरिकेला आंबा जातो तो विकिरण प्रक्रिया करून, व्यापारी मार्गाने. घरच्या झाडाची पेटी विमानतळावरच कचऱ्यात जाईल.

उतरल्यावर खाद्यपदार्थ आहेत का असं विचारतील. ‘हो’ म्हणायचं. सांगितलेलं आणि न चालणारं सामान फक्त काढून घेतात, न सांगितलेलं सापडलं तर दंड होतो. आई-वडिलांना इंग्रजीची अडचण असेल तर डब्यांची यादी इंग्रजीत लिहून पासपोर्टसोबत द्या आणि प्रत्येक पुडीवरही इंग्रजीत नाव लिहा. बिनानावाची काळी-लाल पूड पाहून कुणाचंही कुतूहल जागं होतं.

आता लोणचं. सामानाचा कप्पाही केबिनसारखाच दाबाखाली असतो, पण तो दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका. त्यामुळे बरणीत अडकलेली हवा चौथाई ते तिसऱ्या हिश्शाने फुगते आणि झाकणाच्या आट्यांतून तेल बाहेर ढकलते. स्टीलच्या दाबाच्या झाकणाचा डबा तर हमखास उघडतो. म्हणून :

बरणी प्लास्टिकची, आट्यांच्या झाकणाची घ्या. लोणच्यावरचं जादा तेल काढून ठेवा, फोडी भिजतील एवढंच राहू द्या. बरणीच्या तोंडावर जाड प्लास्टिकचा कागद ताणून मगच झाकण फिरवा, झाकणाच्या कडेने चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. ही बरणी झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, मधे जुनं सुती फडकं. मग बॅगेच्या बरोबर मध्यात, चारी बाजूंनी कपडे. ज्यांच्या गावात व्हॅक्यूम पॅकिंग करून मिळतं त्यांनी अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं करून घ्यावीत. हवाच नसेल तर फुगणार काय?

आणि दोन बॅगांचं वजन जोडून ४६ धरू नका. अमेरिकेच्या तिकिटावर नगाचा हिशेब असतो. एक २० आणि दुसरी २६ झाली तर दुसरीचे जादा पैसे पडतात. ३२ किलोवरची बॅग तर पैसे दिले तरी घेत नाहीत, कारण ती माणसाला उचलावी लागते. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत हवी, चाकं आणि मूठ धरून.

प्रश्न : भाऊ दुबईला आहे. दिवाळीचे अनारसे पाठवायचे आहेत. चालतील ना?
*– एक वाचक, परभणी*

उत्तर : खसखशीवर थापलेले असतील तर नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. अनारशाला चिकटलेली चमचाभर खसखसही अडचणीत आणू शकते, आणि ती अडचण दंडावर भागणारी नसते. तिळावर थापा किंवा नुसते साखरेवर. घरच्या मसाल्यातही खसखस भाजून घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, तेव्हा दुबईसाठी मसाला वेगळा कुटा. खसखशीची पिशवी ज्या डब्यात होती तो डबा पुन्हा वापरू नका. झोपेची, वेदनाशामक किंवा खोकल्याची औषधं न्यायची असतील तर तिकडे त्यांना आधी परवानगी लागते का ते तपासा. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं तिकडे नियंत्रित आहेत.

प्रश्न : अम्मी-अब्बा उमराहला जात आहेत. येताना झमझमचं पाणी कसं आणायचं? सामान चादरीत बांधून नेलं तर चालेल का?
*– एक वाचक, बीड*

उत्तर : बोचकं नको. जेद्दाहच्या विमानतळावर दोरीने बांधलेलं, चादरीत गुंडाळलेलं किंवा गोल आकाराचं सामान घेत नाहीत. पट्ट्यावर सपाट बाजू टेकली नाही की नग गडगडतो आणि यंत्र अडतं. ऐनवेळी तिथे नवी बॅग घ्यावी लागते, तीही विमानतळाच्या भावाने.

झमझमच्या बाटल्या कपड्यांत लपवून बॅगेत घालू नका. एक्स-रेत द्रव पदार्थ लगेच दिसतो, बॅग उघडून बाटल्या काढून घेतात. विमानतळावर ५ लिटरचं सीलबंद खोकं मिळतं, ते वेगळा नग म्हणून जातं. ते तुमच्या किलोंत धरतात की वेगळं, हे विमान कंपनीगणिक बदलतं, म्हणून तिकीट काढतानाच एजंटला विचारून घ्या. खसखशीबद्दल वर जे सांगितलं ते सौदीलाही लागू.

प्रश्न : नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणारे पाहुणे आठवण म्हणून कृपाण घेतात. विमानात नेता येते का?
*– एक वाचक, नांदेड*

उत्तर : चेक-इन बॅगेत, पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण अंगावर बाळगता येते : पातं ६ इंचांपर्यंत (१५.२४ सेंटिमीटर), मुठीसह एकूण ९ इंचांपर्यंत (२२.८६ सेंटिमीटर). इतरांना ही सवलत नाही.

प्रश्न : लंडनहून मुंबईमार्गे घरी येतोय. तिकीट एकच आहे. बॅग थेट संभाजीनगरला येईल का?
*– एक वाचक, धाराशिव*

उत्तर : साधारणपणे नाही. परदेशातून येताना देशातल्या पहिल्या विमानतळावर बॅग स्वतः घ्यायची, कस्टम्समधून बाहेर काढायची आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायची. टॅगवर शेवटचं गाव छापलेलं असलं तरीही. मुंबईला हे करायला दोन विमानांत किमान तीन तास हवेत, आणि दोन्ही विमानं एकाच टर्मिनलवरून आहेत का, किंबहुना मुंबई आणि नवी मुंबई असे दोन विमानतळ तर तिकिटावर नाहीत ना, हे आधी बघा.

दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅग पुढे पाठवायची जबाबदारी कुणाचीच नसते आणि दुसऱ्या तिकिटाची वजनमर्यादा लागू होते. लंडनहून २३ किलोची आणलेली बॅग पुढे १५ च्या तिकिटावर बसवायची, तर ८ किलोंचे पैसे तयार ठेवा.

जाताना उलट असतं. एकाच तिकिटावर इथे दिलेली बॅग बहुधा थेट जाते. काउंटर सोडण्याआधी टॅगवरची तीन अक्षरं वाचा. चिकलठाण्याचं आयएक्सयू, नांदेडचं एनडीसी, मुंबईचं बीओएम. जिथे उतरायचं तिथली अक्षरं नसतील तर तिथल्या तिथे विचारा. पट्ट्यावर बॅग सरकली की मग उशीर.

प्रश्न : पट्टा थांबला आणि माझी बॅग आलीच नाही. दोन दिवसांनी घरी आली ती चाक तुटलेल्या अवस्थेत. भरपाई मिळते का?
*– एक वाचक, जालना*

उत्तर : मिळते, पण कागद असेल तर. बॅग न आल्यास किंवा तुटलेली आल्यास विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या सामान कक्षात लेखी तक्रार करायची. तिला पीआयआर (प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट) म्हणतात, तिचा क्रमांक घ्यायचा. बोर्डिंग पासला चिकटवलेली टॅगची पावती, तिच्यावरचा दहा आकडी क्रमांक, हाच बॅगेचा सातबारा. तो फेकून देणारे पुष्कळ असतात.

तुमची बॅग घरी आली, म्हणजे तुटलेलं चाक घरीच दिसलं. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार (विमान प्रवासातल्या भरपाईचा देशोदेशींचा करार) नुकसानीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिराबद्दलची २१ दिवसांत करता येते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरता येतं. देशांतर्गत प्रवासातही घरी आलेली बॅग पोचवणाऱ्या माणसासमोर उघडा, फोटो काढा आणि त्याच दिवशी ई-मेल करा. ‘चाक-मूठ ही नेहमीची झीज’ असं उत्तर येण्याची शक्यता असते, म्हणून बॅग देतानाचाही एक फोटो मोबाइलमध्ये असावा. कंपनी दाद देत नसेल तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा.

मर्यादा अशी : देशांतर्गत प्रवासात प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंत. आंतरराष्ट्रीय प्रवासात २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआरपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. ही कमाल रक्कम आहे, सरसकट हातात पडणारी नव्हे. आत काय होतं त्याच्या पावत्या लागतात. बॅग येईपर्यंत घेतलेले कपडे, दाढीचं सामान यांचीही बिलं ठेवा. सोनं, रोकड, मूळ कागदपत्रं चेक-इनमध्ये ठेवली असतील तर त्यांची जबाबदारी कंपन्या घेत नाहीत. लग्नाला निघालेल्यांनी पैठणी बॅगेत घातली तर एक वेळ चालेल, दागिने अजिबात नाही.

बॅग चुकीच्या गावी जाण्याचं एक कारण आपल्याच हातात असतं. मागच्या प्रवासाचे टॅग आणि छोटे बारकोड स्टिकर बॅगेवर तसेच राहतात आणि यंत्र नेमका जुना वाचतं. ते सगळे खरवडून काढा. बॅगेच्या आत, अगदी वरच, नाव, मोबाइल क्रमांक आणि जिथे उतरणार तिथला पत्ता लिहिलेला कागद ठेवा. बाहेरचा टॅग फाटला तर तेवढ्यावरच बॅग सापडते.

प्रश्न : वेब चेक-इन केलं की उशिरा पोचलं तरी चालतं ना?
*– एक वाचक, हिंगोली*

उत्तर : हातातली बॅग घेऊन जात असाल तर थोडीफार सवड मिळते. बॅग द्यायची असेल तर नाही. देशांतर्गत विमानाचा बॅगेचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, परदेशाचा ६० ते ७५ मिनिटं आधी. काउंटर बंद झाल्यावर बोर्डिंग पास हातात असूनही बॅग घेत नाहीत. हिंगोलीहून नांदेडला जाताना रस्त्याचं काम, रेल्वे फाटक, लग्नाची वरात सगळं धरून निघा.