गोव्यात शाळांमधून लैंगिक शिक्षण देण्याचं काम करिअर म्हणून निवडावं का?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर गोव्यातच 'शाळांमधून मुलींना पाळीबिळीबद्दल सांगण्याचं' काम करायचंय, घरचे नाक मुरडतात, यात करिअर होतं का आणि पगार किती, असं तुम्ही विचारलंय. पगाराचं आणि घरच्यांचं शेवटी सांगते. आधी ते 'मुलींना' काढून टाका.

माझं या कामातलं सगळ्यात मोठं भांडण त्याच्यावरूनच झालं. डिचोली तालुक्यातली एक शाळा, नाव नको. आठवी-नववीचा एकत्र तास ठरलेला. पोचले तर वर्गात नुसत्या मुली, मुलगे मैदानावर फुटबॉल खेळतायत. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, "चल्यांक हें कित्याक?" म्हणजे मुलग्यांना हे कशाला. शिवाय पालक-शिक्षक संघात कोणी विचारलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. म्हटलं, सर, मला बोलवा, मी देते उत्तर. त्यावर चहा मागवला, एवढंच.

मुलींचा तास घेतला. बुटांचा खोका ठेवते मी, त्यात प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी. म्हणजे कोणी काय लिहिलं ते कळत नाही. गणेशचतुर्थीला पाळी येऊ नये म्हणून आई गोळ्या देते, चालतं का, असे नेहमीचे प्रश्न होतेच. पण एका चिठ्ठीत होतं, "मुलगे डाग बघून हसतात. त्यांना कोण सांगणार?"

आता यावर मुलींच्या वर्गात उभं राहून काय उत्तर देणार?

मधल्या सुट्टीत खोका घेऊन सरळ मैदानावर गेले. खेळाचे सर भला माणूस, शिट्टी मारून सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं. घामेजलेले, एकमेकांना ढोसणारे, पण चिठ्ठ्या लिहायला लागल्यावर आवाज बंद. रात्री चड्डी ओली होते, डॉक्टरकडे जावं का. हाताने केलं तर ताकद जाते ना. मोबाइलवर दिसतं तसंच असतं का सगळं. (आजार नाही, ताकद जात नाही, आणि तसं मुळीच नसतं. याच्यासाठी मुलगे वर्षानुवर्षं मनात कुढतात.) पेन्सिलीने लिहिलेली, घड्या घालून घालून नखाएवढी केलेली एक चिठ्ठी होती, "ताईच्या पोटात खूप दुखतं तेव्हा मी काय करू?" गरम पाण्याची पिशवी दे, तिच्या वाटणीचं काम कर, आणि दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर आईला सांगून डॉक्टरकडे न्यायला लाव, असं सांगितलं. कोणी हसलं नाही.

हेडमास्तरांनी माझ्या संस्थेला तक्रारीचं पत्र धाडलं. त्या शाळेत पुन्हा बोलावणं नाही. अजून बाजारात भेटले की विचारतात, "चल्यांक शिकयता मगे अजून?" शिकवते, सर.

र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. शंभर वर्षं झाली. आणि 2007 मध्ये त्याच महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं होतं! गोव्यात आम्ही शहाणे असल्याचा आव आणतो, पण मुलग्यांना मैदानावर पाठवणं ही बंदीच आहे, फक्त जीआर न काढता. म्हणून कुठल्याही शाळेने बोलावलं की मुलगे बसणार का ते आधी विचारा. नाही म्हणाले तर जाऊ नका.

हां, सहावी-सातवीच्या मुलींना पॅड कसं बदलायचं हे मुलग्यांसमोर विचारता येत नाही, त्यांना वेगळा तास द्या. पण जादाचा. आणि नवीन असताना माझ्यासारखं मैदानावर जाऊ नका, संस्था तुम्हालाच घरी बसवेल.

दुसरं, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मुलांना कधीही देऊ नका. अत्याचाराचं काही कानावर आलं तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. हे तासाच्या सुरुवातीलाच मुलांना सांगायचं. गोव्याचा स्वतःचा 2003 चा बाल कायदाही वाचून घ्या, मुलाखतीला येणारे बरेचजण वाचून येत नाहीत.

पगार? संस्थांचं काम प्रकल्पावर चालतं, निधी संपला की पद संपलं. म्हणून समुपदेशनाचा एखादा कोर्स हाताशी ठेवा, शाळांत आणि किशोरवयीनांच्या आरोग्य केंद्रांत समुपदेशक लागतात. पोट भरतं, बंगला होत नाही.

घरच्यांना 'समुपदेशक' सांगा. माझी आई शेजारणींना अजून 'ती हेल्थमध्ये आहे' असंच सांगते, आणि मग त्याच शेजारणी बीपीच्या गोळ्या विचारायला माझ्याकडे येतात.