पर्यावरणशास्त्र झालं, आता पुढे काय?

अरे, लगेच पुण्याची बॅग भरू नकोस. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या मराठवाड्यात पाण्याचं काम संपणारं नाही. पाणलोट, भूजल, विहिरींच्या पातळीच्या नोंदी, यात उतर. संभाजीनगरच्या वाल्मीतले, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतले, प्रशिक्षणवर्ग बघत राहा.

वाळूजसारख्या एमआयडीसीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर माणसं लागतात. माझी सुरुवात तिथलीच. सकाळी बाटलीत नमुना घ्यायचा, पीएच बघायचा, सीओडीसाठी (पाण्यात घाण किती, याचं एक माप) दोन तास 150 अंशांवर तापवायचा, मग वहीत आकडा. पाणी ओळखायला मी तिथंच शिकले. पगार आधी कमीच मिळेल, घरी आत्ताच सांगून ठेव.

नकाशे बनवायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच टाकून घे. स्पर्धा परीक्षा दे, पण त्यापायी हातचं काम सोडू नकोस.